आधी पाया, मग टर्बो!

आपल्या हॉस्टेलवर रात्री अकरानंतर दोनच विषय असतात. एक मेसची भाजी आणि दुसरा टर्बो. दर वर्षी कोणीतरी घोषणा करतं, "यार, जुन्या आठशेला टर्बो बसवू, पॉवर डबल!" मागच्या वर्षी ती घोषणा करणारी मीच होते. म्हणून हा लेख. (माझं शिक्षण कॉन्व्हेंटमधलं, तेव्हा ऱ्हस्व-दीर्घ सांभाळून घ्या!)

माझं मत आधीच सांगून टाकते. टर्बो हा इंजिनाला बाहेरून घालायचा दागिना नाही. त्याची खरी तयारी इंजिनाच्या पोटात करावी लागते. तेवढा पेशन्स नसेल तर टर्बोच्या वाटेला जाऊच नये.

आमचं काय झालं ते ऐका. प्रोजेक्टसाठी भंगारातून मारुती 800 चं इंजिन आणलं. 796 सीसी, तीन सिलिंडर. स्टँडवर बसवलं, चौघांनी कॉन्ट्री काढून सेकंडहँड टर्बो लावला आणि बूस्ट ठेवला अर्धा बार. पहिली दहा मिनिटं काय आवाज होता म्हणून सांगू! मग खडखड सुरू झाली, निळा धूर आला आणि खेळ खल्लास. हेड उतरवलं तर मधल्या पिस्टनची, दोन रिंगांमधली कड तुटलेली. घरून येणाऱ्या पैशांतून वाचवलेले आमचे सहा महिने दहा मिनिटांत गेले.

असं का झालं? टर्बो सिलिंडरमध्ये जास्तीची हवा कोंबतो. अर्धा बार बूस्ट म्हणजे बाहेरच्या हवेच्या जवळजवळ दीडपट दाब. जास्त हवा, जास्त पेट्रोल, जास्त उष्णता. मग स्पार्कच्या ज्योतीची वाट न बघता उरलेलं मिश्रण आपोआप पेटतं, तेच नॉकिंग. ते हातोडे साध्या ओतीव पिस्टनला फार वेळ सोसत नाहीत.

तुटका पिस्टन घेऊन मी कोल्हापूरच्या उद्यमनगरात एका मशीन शॉपमध्ये गेले. तिथल्या काकांनी तो बोटांत फिरवला आणि एकच प्रश्न विचारला, "काय गं पोरी, रिंगचा गॅप मोजला होतास काय?" मी गप्प. थर्मोडायनॅमिक्समध्ये मला डिस्टिंक्शन आहे, पण गॅप मोजायचा असतो हे डोक्यातच आलं नव्हतं.

रिंग तापली की वाढते, म्हणून तिच्या दोन टोकांत फट ठेवतात. वर्कशॉपमधला ठोकताळा असा, की बोअरच्या दर इंचाला साध्या इंजिनात चार थाऊ आणि टर्बोला पाच किंवा जास्त. थाऊ म्हणजे इंचाचा हजारावा भाग. आमचा बोअर 68.5 मिमी, म्हणजे साधारण 2.7 इंच. हिशेब करा. 0.27 मिमीच्या जागी निदान 0.34 मिमी हवी. फरक केसाच्या जाडीचा! पण फट कमी पडली की टोकं एकमेकांना भिडतात, रिंग सिलिंडरला घट्ट आवळून बसते आणि पिस्टनची कड जाते.

कॉम्प्रेशनचंही तसंच. 8.7 वरून 8 वर आणायचं तर प्रत्येक सिलिंडरच्या वरच्या पोकळीत फक्त साडेतीन सीसी जागा वाढवायची, चहाच्या चमच्यापेक्षा कमी. दुसऱ्या इंजिनाच्या वेळी आम्ही ती पोकळी केमिस्ट्री लॅबच्या ब्युरेटने मोजली. फर्स्ट इयरला ज्या ब्युरेटला शिव्या घातल्या, तीच कामाला आली! फोर्ज्ड पिस्टन घेतले तर ते जास्त फुगतात, म्हणून बोअर त्या पिस्टनच्या मापानेच करून घ्यायचा. रॉडचे बोल्ट नवे, बेअरिंगचा क्लिअरन्स तपासलेला. यातलं काहीच बाहेरून दिसत नाही, फोटोतही येत नाही. म्हणूनच कोणी करत नाही.

काही जण म्हणतील, सुझुकीने याच घराण्यातल्या छोट्या इंजिनाला टर्बो लावलाच की! लावला. 1987 च्या अल्टो वर्क्समध्ये 543 सीसीमधून 64 पीएस काढले. पण ते इंजिन बारा व्हॉल्व्हचं वेगळं हेड देऊन, टर्बो धरूनच बनवलं होतं. भंगारातून उचललं नव्हतं. आणि रस्त्यावरच्या गाडीचा तर विषयच काढू नका. मोटार वाहन कायदा 1988 चं कलम 52 आहेच, आणि 2019 मध्ये सुप्रीम कोर्टानेही कंपनीच्या मूळ रचनेविरुद्धचे बदल चालणार नाहीत असं सांगितलं.

आता थोडं सर-मॅडमसाठी. आपल्या लॅबमध्ये लाल-निळं रंगवलेलं कट-सेक्शन मॉडेल आहे. छान आहे, पण त्याला हात लावायचा नाही! वायवात आम्ही रिंगची तिन्ही कामं घडाघडा सांगतो, पण फिलर गेज हातात धरलेली मुलं किती? एक विनंती आहे. दर बॅचला एक भंगार इंजिन द्या. खोलू दे, मोजू दे, पुन्हा जोडू दे. चुकलं तर मार्क कापा, पण तिथेच चुकू दे.

आमचं दुसरं इंजिन अजून बाकावर उघडंच आहे. टर्बो माझ्या कॉटखाली पेपरात गुंडाळून ठेवलाय. तो बसवायची आता कोणालाच घाई नाही. बघायला जरूर या, फक्त येताना फिलर गेज घेऊन या!