नारळ फोडण्याआधी पोरांना विचारा

पैसा जिल्हा परिषदेचा असो की पिरंगुट-उरवडे पट्ट्यातल्या एखाद्या कंपनीच्या सीएसआरचा, शाळेची खोली मंजूर होते तेव्हा नकाशा बहुधा तयारच असतो. सह्या होतात, नारळ फुटतो. तिथे रोज पाच-सहा तास बसायचं ज्यांना, त्यांना मात्र कोणी विचारत नाही.

उरवडेकरांनो, एस्टिमेट होण्याआधी मुलांना विचारा. नंतर खिडकी फूटभर खाली घ्यायची म्हटली तरी कागद पुन्हा वर धाडावे लागतात. यात मुलांवर उपकार नाहीत. 2009 च्या शिक्षण हक्क कायद्यात शाळा विकास आराखडा करण्याचं काम शाळा व्यवस्थापन समितीकडे आहे, आणि केंद्राच्या 2010 च्या नमुना नियमांत समितीवर मुलांनाही घेण्याची सोय आहे.

पण ‘तुम्हाला कशी शाळा हवी?’ असं विचारू नका. पोहण्याचा तलाव मागतील, नाहीतर गुरुजींना आवडेल तेच बोलतील. त्यापेक्षा झड लागलेली असताना त्यांच्याबरोबर शाळेत फिरा. ओल्या छत्र्या-चपलांचा ढीग कुठे पडतो? खिचडीनंतर ताटं धुवायला रांग कुठे लागते? पावसाची झड कितव्या बाकापर्यंत येते? पहिलीतल्या पोराचा हात नळाला पुरतो का? मुलींशी मात्र बाईंनी वेगळं बोलावं. संडासाची कडी लागत नाही म्हणून दिवसभर पाणी न पिणारी मुलगी सरपंचांसमोर तोंड उघडणार नाही.

मग मैदानात फक्कीने खऱ्या मापाची खोली आखा. मुलांना दप्तरांसकट आत बसवा आणि एकदम बाहेर पडायला सांगा. दारात कोंडी झाली तर दुसरं दार हवं. 7 जून 2021 ला गावातल्या कंपनीत आग लागली, कामगार आत अडकून दगावले. बाहेरच्या वाटेचं मोल उरवड्याला मी काय सांगू!

खोलीच शिकवायलाही लागू शकते: शाळेची इमारतच शिकण्याचं साधन मानणाऱ्या, दिल्लीच्या कबीर वाजपेयींच्या ‘विन्यास’ संस्थेने रुजवलेल्या ‘बाला’ उपक्रमात दाराखालच्या फरशीवर कोन आखतात, दार उघडताना मुलं अंश मोजतात. आपल्याकडे बऱ्याच ठिकाणी त्याच्या नुसत्या रंगीत भिंती झाल्या.

खांब-तुळया अभियंताच ठरवणार, त्यात तडजोड नको. मुलांनी सुचवलेलं जे जमणार नाही, ते कारणासह फळ्यावर लिहा. आणि समितीची बैठक दुपारी ठेवा. रात्री साडेआठला चौथीतली मुलगी कशी येणार?