रात्रीच्या वाटेचा दिवा पारखून घ्या



भात घरात आले, पेंढा रचून झाला आणि भाताच्या ओलीवर पेरलेल्या वालाच्या शेंगा आता भरू लागल्या. म्हणजे अलिबाग, पेण, रोह्याकडे पोपटीचे दिवस आले. मडक्याला भांबुर्डीचा पाला लावायचा, शेंगा भरायच्या, मडके पालथे घालून भोवती जाळ करायचा आणि रात्री दहा-अकरापर्यंत शेतातच बसायचे. त्यानंतर घरी परतायचे ते अंधारातून. कोणी पायी, कोणी मोटारसायकलवर, आणि अलीकडे बरीच तरुण पोरे गिअरच्या, जाड टायरच्या सायकलींवर. मार्च २०२० मध्ये भाऊच्या धक्क्यावरून मांडव्याला रो-रो बोट सुरू झाली, तेव्हापासून मुंबईची मंडळीही सायकली बोटीत घालून आपल्याकडे येतात. त्यांना डोंगराच्या वाटा दाखवायचे काम आपल्यातली काही पोरे करतात. दोन पैसे मिळतात, चांगली गोष्ट आहे.

म्हणून यावेळी खतमात्रा आणि कीड बाजूला ठेवून सायकलच्या दिव्याबद्दल लिहितो. त्याला आणखी एक कारण आहे. या बाबतीत माझा एक सल्ला चुकला, आणि त्याची किंमत दुसऱ्याने मोजली. ते आधी सांगतो.

माझी चूक

दोन वर्षांपूर्वीची गोष्ट. पोयनाडच्या बाजूच्या एका गावात वालाचा प्लॉट पाहायला गेलो होतो. त्या शेतकऱ्याचा मुलगा सायकलचा नवा दिवा घेऊन आला. खोक्यावर 'दहा हजार ल्युमेन' असे ठळक छापलेले. "साहेब, कसा आहे?" मी खोके वाचले, दिवा एकदा लावून पाहिला. भर दुपारीसुद्धा डोळे दिपले. म्हटले, "घे रे, भरपूर उजेड आहे."

आठ दिवसांनी पोपटीहून परतताना डोंगराच्या उतारावर तो दिवा विझला. मंदावला नाही, कुरकुरला नाही, एकदम विझला. पोरगा सायकलसकट बांधावरून खाली गेला. खांद्याजवळचे गळ्याचे हाड मोडले. दीड महिना हात गळ्यात. इकडे वाल काढणीला आलेला, आणि सगळे काम त्याच्या आईवर व बायकोवर पडले.

मी भेटायला गेलो. त्याच्या आईने चहा दिला आणि शांतपणे म्हणाली, "साहेब, बियाणाच्या पिशवीवरच्या लेबलावर भुलू नका, शंभर दाणे ओल्या गोणपाटात रुजवून बघा, असं तुम्हीच आम्हाला सांगता ना? मग दिवा का नाही रुजवून बघितला?"

माझ्याजवळ उत्तर नव्हते. तीस वर्षे उगवण चाचणी शिकवणारा मी, आणि खोक्यावरचा आकडा वाचून मोकळा झालो. त्यानंतर मी दिव्यांचा थोडा अभ्यास केला, चार-पाच दिवे घरी तपासले. ते आज तुमच्यापुढे ठेवतो.

डायनॅमोचे दिवस

आमच्या वयाच्या माणसांना सायकलचा दिवा म्हणजे डायनॅमो आठवतो. मागच्या चाकाला बाटलीसारखा टेकवायचा. सहा व्होल्ट, तीन वॅटचा मामला. त्यातला बहुतेक वाटा पुढच्या दिव्याला आणि उरलेला मागच्या लाल दिव्याला. सायकल जोरात तर उजेड चांगला, चढणीला सायकल मंदावली की दिवा काजव्यासारखा, आणि थांबलो की अंधार. नोकरीच्या सुरुवातीला मी अशाच सायकलवर संध्याकाळच्या सभा करीत असे. पण त्या दिव्याचा एक गुण होता. तो खोटे बोलत नसे. पाय चालले तेवढा उजेड. त्यामुळे आपणही बेताने चालत होतो.

आताच्या एलईडी दिव्याचे तसे नाही. त्याचा उजेड साठवलेल्या विजेवर चालतो. साठा किती आणि खर्च किती हे कळले की निम्मे काम झाले.

टाकी आणि नळ

ल्युमेन म्हणजे दिव्यातून एकूण किती उजेड बाहेर पडतो त्याचे माप. जुना १०० वॅटचा पिवळा बल्ब साधारण १३०० ते १५०० ल्युमेन देत असे. म्हणजे दहा हजार ल्युमेन म्हणजे तसले सात बल्ब एकदम! मुठीएवढ्या दिव्यात ते कसे मावतील, एवढा विचार मी त्या दिवशी केला असता तरी पुरे होते.

आता हिशेब करा. सायकलच्या चांगल्या एलईडी दिव्याला दर १०० ल्युमेनमागे अंदाजे एक वॅट लागतो. आतला लिथियमचा सेल बहुधा १८६५० या मापाचा असतो, म्हणजे १८ मिलिमीटर जाड आणि ६५ मिलिमीटर लांब. त्याचा दाब ३.७ व्होल्ट. धारणा २५०० एमएएच म्हणजे अडीच अँपिअर-तास धरली, तर ३.७ गुणिले २.५, म्हणजे सुमारे ९ वॅट-तास वीज झाली. ही आपली टाकी. दिवा हा नळ.

४०० ल्युमेनवर दिवा लावला तर चार वॅट खर्च, टाकी दोन तासांच्या थोडी पुढे जाईल. १००० ल्युमेनवर जेमतेम पाऊण-पन्नास मिनिटे. आणि खरेच दहा हजार ल्युमेन असतील तर पाच मिनिटांत टाकी कोरडी! त्या खोक्यावर 'चार तास चालतो' असेही छापले होते. दोन्ही गोष्टी एकाच वेळी खऱ्या असणे शक्यच नव्हते.

सेलवर ९९०० एमएएच असे छापलेले दिसले तरी विश्वास ठेवू नका. या मापाच्या चांगल्या सेलमध्ये साडेतीन हजारांच्या आसपासच मावते. पायलीच्या मापात मणभर भात मावत नाही, तसेच हे.

किती उजेड पुरे?

हे वेगावर ठरते. ताशी २० किलोमीटर वेगाने सायकल सेकंदाला साडेपाच मीटर जाते. समोर धोंडा दिसल्यापासून ब्रेकवर बोट जाईपर्यंत सेकंद-दीड सेकंद जातो, आणि सुट्या खडीवर सायकल थांबायला आणखी सहा-सात मीटर लागतात. म्हणजे १२ ते १५ मीटर गेलेच. तेव्हा निदान २०-२५ मीटरपर्यंत वाट स्वच्छ दिसली पाहिजे. तेवढे दिसत नसेल तर वेग कमी करा. दिव्याच्या पुढे सायकल पळवू नका. लक्षात घ्या, दुप्पट अंतरावर तेवढाच उजेड पाडायचा तर दिवा चौपट लागतो. वेग कमी करणे त्यापेक्षा स्वस्त.

माझ्या अनुभवाने असे धरावे:

गावच्या डांबरी रस्त्याला २०० ते ४०० ल्युमेन पुरतात. पाणंद, बांध, खाडीकडचा कच्चा रस्ता, इथे ४०० ते ६००. डोंगराच्या दगडगोट्यांच्या उतारावर जाणार असाल तर हँडलवर ८०० ते १००० आणि डोक्यावर ३०० ते ५०० चा दुसरा दिवा.

पावसाळ्यात यात भर घालावी लागते. जांभ्याची वाट सुकी असताना उजेड परत देते, भिजली की गडद होऊन उजेड गिळते. ओल्या डांबराचेही तसेच. डबके तर दिव्यात काळे दिसते, कारण पाण्यावरचा उजेड पुढे निघून जातो, आपल्या डोळ्यांकडे येत नाही. काळा डाग दिसला की तो खड्डा समजून चालवा.

हँडलवर की डोक्यावर?

जमले तर दोन्हीकडे. हँडलवरचा दिवा डोळ्यांच्या खाली असतो. त्यामुळे दगडांच्या, खड्ड्यांच्या सावल्या पडतात आणि खोली कळते. पण वळणावर तो सरळच पाहतो, आपल्याला पाहायचे असते डावीकडे. हेल्मेटवरचा दिवा मान वळेल तिकडे वळतो. मात्र तो डोळ्यांच्या जवळ असल्याने सावल्या दिसू देत नाही, आणि वाट सपाट भासते. नुसत्या डोक्यावरच्या दिव्यावर उतार उतरू नका. पहाटेच्या धुक्यात तर तो बंदच करा. धुक्यावरचा उजेड उलटून डोळ्यांवर येतो आणि समोर पांढरी भिंत उभी राहते. हँडलवरचा दिवा खाली वळवून हळू चला.

आणखी एक मोठा फायदा. दोन दिवे असले की एक विझला तरी दुसरा थांबेपर्यंत साथ देतो. त्या पोराजवळ साधी खिशातली दुसरी बॅटरी हँडलला बांधलेली असती, तरी त्याचे हाड वाचले असते.

डांबरी रस्त्यावर झोत खाली ठेवा. समोरून येणाऱ्या मोटारसायकलवाल्याचे डोळे दिपले तर तो आपल्याच अंगावर येईल. पुढचा दिवा लुकलुकता ठेवू नका, अंतराचा अंदाज चुकतो. मागे लाल दिवा आणि रिफ्लेक्टर हवेतच. रेवस किंवा मुरूडच्या रस्त्याला सुट्टीच्या दिवशी गाड्यांची किती वर्दळ असते ते तुम्ही पाहताच.

दिव्याची उगवण चाचणी

आता त्या माउलीने सांगितलेली गोष्ट. दिवा आणल्यावर वाटेवर नेण्याआधी घरी अशी परीक्षा करा.

१. दिवा पूर्ण चार्ज करा. रात्री भिंतीसमोर ठेवून सर्वांत मोठ्या उजेडावर लावा. पुढे टेबलफॅन सुरू करा. एलईडी तापला की दिवा आपोआप मंद होतो. वाटेवर वारा लागतो, तसा इथेही लागला पाहिजे.

२. घड्याळ पाहून टिपून ठेवा: उजेड कधी उतरला, दिवा कधी विझला. खोक्यावरच्या वेळेच्या निम्म्यातच विझला तर परत करा. पावती जपून ठेवा.

३. विझण्याआधी सूचना देतो का पाहा. चांगल्या दिव्याचे बटण रंग बदलते, किंवा उजेड पायरीपायरीने उतरतो. एकदम अंधार करणारा दिवा उतारावर नको.

४. हँडलवर बसवून खडीवरून दोन फेऱ्या मारा. दिवा मान टाकत असेल तर पट्ट्याखाली जुन्या ट्यूबचा तुकडा गुंडाळा. फुकटचा आणि पक्का उपाय.

५. खोक्यावर आयपीएक्स ४ असेल तर पावसाचे शिंतोडे सोसेल. आयपीएक्स ७ असेल तर मीटरभर पाण्यात अर्धा तास टिकायला हवा. आपल्या पावसाला निदान ४ हवेच. चार्जिंगच्या भोकावरचे रबरी झाकण घट्ट बसते का, तेही पाहा. बहुतेक दिवे तिथूनच मरतात.

ही चाचणी दरवर्षी पावसाळा संपल्यावर पुन्हा करा. सेल जुना झाला की टाकी लहान होते. गेल्या वर्षी दोन तास चालणारा दिवा यंदा तास-दीड तासावर आलेला असतो.

निगा

आपली हवा खारी. किनाऱ्याजवळ पितळेला हिरवट आणि लोखंडाला तांबडा गंज चढायला वेळ लागत नाही. खाडीवरून आल्यावर दिवा ओलसर फडक्याने, मग कोरड्याने पुसा. सेल बाहेर निघत असेल तर टोके स्वच्छ ठेवा. लिथियमचा दिवा गवताच्या गंजीजवळ, माळ्यावर, अंथरुणावर किंवा घरात कोणी नसताना चार्ज करू नका. सेल फुगला, चेपला किंवा तापू लागला तर वापर बंद. महिनोन् महिने ठेवायचा असेल तर निम्मा चार्ज करून सावलीत ठेवा.

सायकल नसेल तरी

घरातल्या बायाबापड्यांनीही हे वाचावे. गोठ्याकडे जाताना, उधाणाच्या रात्री खारबंदिस्तीचा बांध पाहायला जाताना डोळे दिपवणारा झोत नको. पायापुढे चार-पाच हात पसरणारा मंद उजेड हवा. नाग, घोणस, फुरसे, मण्यार या चारांची गाठ अंधारात पडू शकते, आणि मण्यार तर रात्रीच फिरते. बॅटरी हातात, पायात गमबूट, आणि हात घालण्याआधी पेंढ्यावर उजेड. डोळ्यांना अंधाराची पूर्ण सवय व्हायला वीस-तीस मिनिटे लागतात, आणि एका झगझगीत झोताने ती क्षणात जाते. म्हणून एकमेकांच्या तोंडावर बॅटरी मारू नका.

३ जून २०२० ला निसर्ग वादळ आपल्या किनाऱ्यावर आले. श्रीवर्धन, मुरूडकडे कित्येक गावांत आठवडेच्या आठवडे वीज नव्हती. त्या वेळी चार्जिंगच्या बॅटऱ्या दोन दिवसांत मान टाकून बसल्या, आणि साध्या सेलच्या बॅटऱ्यांनी व कंदिलांनी घरे सांभाळली. तेव्हा साध्या सेलची एक बॅटरी घरात असूच द्या.

तो मुलगा आता बरा आहे. यंदा पुन्हा पाहुण्यांना डोंगराच्या वाटा दाखवतो. हँडलवर एक, हेल्मेटवर एक असे दोन दिवे लावतो. दोन्ही आणल्यावर त्याने भिंतीसमोर लावून घड्याळ धरले होते, आणि शेजारी त्याची आई बसली होती. पहिला दिवा तासाभरात विझला म्हणून परत केला. दुकानदाराने कुरकुर केली, पण बदलून दिला.

तुम्हीही पोपटीला निघण्यापूर्वी एक संध्याकाळ यासाठी काढा. मडके भरायला जेवढा वेळ लागतो तेवढाच लागेल.

पुढच्या अंकात वालावरील शेंगा पोखरणाऱ्या अळीविषयी.