पोटात दुखतं मराठीत, तपासणी इंग्रजीत

मागच्या पावसाळ्यात आमच्या वाड्यावरची एक मुलगी संध्याकाळी घरी आली. नुकतीच मानसशास्त्रात एम.ए. झालेली. तालुक्यातल्या एका माध्यमिक शाळेत समुपदेशक म्हणून रुजू होऊन तिला महिनाही झाला नव्हता. हातात छापील प्रश्नावली आणि चेहऱ्यावर परीक्षेच्या आदल्या रात्रीचा भाव. म्हणाली, "काका, 'अँग्झायटी'ला मराठीत काय म्हणू? पाचवीच्या पोरांना विचारायचं आहे."

मी 'चिंता' म्हटलं. ती म्हणाली, चिंता म्हटलं की मुलं हसतात, चिंता मोठ्यांना असते म्हणतात. 'काळजी' म्हटलं तर एका मुलीने उत्तर दिलं, आई माझी काळजी घेते. मग आम्ही दोघं पडवीत बसून शब्द शोधू लागलो. धास्ती, धाकधूक, हुरहुर, धसका. मग कोकणीतले, कारण वर्गातली निम्मी मुलं घरी कोकणी बोलणारी. 'भंय दिसता', 'मन लागना', 'पोटांत दुखता'. शेवटच्या शब्दापाशी ती थांबली. म्हणाली, सकाळी शाळेची घंटा झाली की दोन मुलं रोज हेच सांगतात. शाळेने त्यांना ओव्याचं पाणी दिलं, एकदा डॉक्टरकडेही नेलं. पोटात काही नव्हतं.

वाचकहो, हे भय होतं. पोटातून बोलत होतं, एवढंच. आणि पाच वर्षं मानसशास्त्र शिकलेल्या, हुशार, मनापासून काम करणाऱ्या त्या मुलीला हे ओळखायला कोणी शिकवलंच नव्हतं. तिने फ्रॉइड वाचला, पियाजे वाचला, संख्याशास्त्राच्या परीक्षेत उत्तम गुण मिळवले. पण पदव्युत्तर शिक्षणाच्या दोन वर्षांत एकदाही तिला एका शाळेत सलग सहा महिने बसवलं नाही, आणि एकदाही तिला मुलाशी त्याच्या भाषेत बोलण्याची तालीम दिली नाही. यात तिचा दोष काडीचाही नाही. माझं भांडण आहे ते तिला घडवणाऱ्या व्यवस्थेशी, आणि खरं सांगायचं तर आपल्याशीही.

'आपल्याशी' का, ते पुढे सांगतो. आधी हे पाहू की ज्या देशात हा पेशा जन्माला आला तिथे काय करतात. अमेरिकेत लाइटनर विट्मर या प्राध्यापकाने १८९६ साली पेनसिल्व्हेनिया विद्यापीठात मुलांसाठी पहिलं मानसशास्त्रीय चिकित्सालय उघडलं, तेही शुद्धलेखन न जमणाऱ्या एका मुलाची अडचण घेऊन एक शिक्षिका त्याच्याकडे आली म्हणून. आज तिथे शालेय मानसशास्त्रज्ञ व्हायचं तर पदवीनंतर साधारण तीन वर्षांचं शिक्षण लागतं. त्यांच्या राष्ट्रीय संघटनेच्या निकषाप्रमाणे किमान ६० श्रेयांक आणि १२०० तासांची उमेदवारी, त्यातले निदान ६०० तास प्रत्यक्ष शाळेत. म्हणजे एक अख्खं शैक्षणिक वर्ष उमेदवार शाळेतच असतो. पहिल्या दिवशी रडणारं मूल, चाचणी परीक्षेच्या आठवड्यात गैरहजर राहणारं मूल, स्नेहसंमेलनात अचानक फुलणारं मूल, हे सगळं तो पाहतो, आणि त्याच्या मागे अनुभवी माणूस उभा असतो.

अमेरिकेची आरती ओवाळायची नाही मला. उलट त्यांनी केलेली एक घोडचूक आपल्या जास्त उपयोगाची आहे. कॅलिफोर्नियात १९७० साली 'डायना' या नावाने ओळखला जाणारा खटला झाला. मेक्सिकन वंशाची नऊ मुलं, घरी स्पॅनिश बोलणारी. त्यांची बुद्धिमापन चाचणी इंग्रजीत घेतली आणि गुण कमी आले म्हणून त्यांना मतिमंदांच्या वर्गात बसवलं. पुढे त्यांच्या भाषेत पुन्हा चाचणी घेतली तेव्हा बहुतेक मुलं त्या रेषेच्या वर निघाली. मुलं तीच होती, फक्त विचारण्याची भाषा बदलली होती! सरकारला तडजोड करावी लागली, मुलाची चाचणी त्याच्या घरच्या भाषेत घ्यायचं मान्य करावं लागलं. पुढे १९७५ च्या केंद्रीय कायद्यात हे तत्त्व लिहिलं गेलं.

आता गोव्याकडे या. आपल्या खेड्यापाड्यांतलं मूल चौथीपर्यंत मराठी किंवा कोकणी माध्यमात शिकतं. सरकारी प्राथमिक शाळा बहुतांशी मराठीच आहेत, अजूनही. आणि पाचवीला बहुतेकांना एकदम इंग्रजी. जूनच्या एका सकाळी पोर बालरथात चढतं ते एका भाषेतून दुसऱ्या भाषेत उतरायला. भूगोल इंग्रजीत, विज्ञान इंग्रजीत, गणितातली साधी शाब्दिक उदाहरणंसुद्धा इंग्रजीत. चौथीपर्यंत पहिल्या पाचांत असलेलं मूल सहावीत 'स्लो लर्नर' होतं. नेमक्या याच वयात त्याला समुपदेशकाकडे पाठवतात, आणि तिथे त्याची परीक्षा पुन्हा इंग्रजीत किंवा जागच्या जागी केलेल्या कच्च्या भाषांतरात होते. कॅलिफोर्नियात पन्नास वर्षांपूर्वी जे कोर्टात गेलं, ते आपल्याकडे रोजचं कामकाज आहे.

हे मी हवेत बोलत नाही. सत्तरीतला एक दूरचा नातेवाईक दोन वर्षांपूर्वी मुलाचा अहवाल घेऊन आला होता. चार पानं इंग्रजी. म्हणाला, "मास्तर, हांगा कितें बरयलां तें मात्शें वाचून सांगात." बापाला मुलाविषयीचा कागद वाचायला तिऱ्हाईत लागतो, यापरती लाजिरवाणी गोष्ट नाही. त्यात लिहिलं होतं की शब्दसंग्रह मर्यादित, सामान्य ज्ञान वयाच्या मानाने कमी, बुद्धी 'सीमारेषेवर'. मी पोराला बाहेर नेलं. कुळागरातल्या पाटाचं पाणी कुठल्या बांधावरून कुठे वळवायचं, सुपारीवर औषध कधी मारायचं, वानर कोणत्या बाजूने येतात, हे त्याने मला पाऊण तास सांगितलं. शब्द कमी पडले ते माझे. चाचणी घेणाऱ्याला यातलं काही विचारायचं सुचलं नाही. सुचणार कसं? त्याला ते शिकवलेलंच नव्हतं. हो, कुळागराच्या गप्पांवरून निदान होत नाही हे मला कळतं. मुलाला खरोखरच वाचनाची अडचण असूही शकते. पण ती आहे की नाही हे त्या चार पानांवरूनही कळत नव्हतं, आणि शिक्का मात्र बसला होता.

कोणी म्हणेल, मराठीत साधनंच नाहीत, तर बिचारे करतील काय? हे साफ खोटं आहे. बिने चाचणीचं रूपांतर व्ही. व्ही. कामत यांनी १९३० च्या दशकात कानडी आणि मराठी मुलांसाठी केलं. आपल्या शेजारच्या मुलखात, आपल्या आजोबांच्या काळात! नागपूरला फादर मालिन यांनी वेक्स्लरच्या चाचणीवरून भारतीय मुलांसाठी चाचणी बेतली. पुण्यात १९६२ साली ज्ञानप्रबोधिनी उभी केली ती आप्पा पेंडशे या मानसशास्त्रज्ञाने, आणि तिथल्या मंडळींनी मराठीत बुद्धिमापनाचं मोठं काम केलं. वाचनदोष ओळखण्यासाठी मानेसरच्या राष्ट्रीय मेंदू संशोधन केंद्राने 'डाली' नावाचा संच केला, तोही मराठीत आहे. जुन्या चाचण्यांचे मापदंड शिळे झालेत हे खरं. पिढ्या बदलतात तसे सरासरी गुण बदलतात, ऐंशी वर्षांपूर्वीच्या मुलांशी आजच्यांची तुलना करता येत नाही. पण मग ते नव्याने कोण करणार? हे काम पदव्युत्तर विद्यार्थ्यांचं आहे. दरवर्षी प्रबंधिका लिहून घेतात ना? महाविद्यालयातल्या शंभर मुलांना समाजमाध्यमांवरची प्रश्नावली भरायला लावण्यापेक्षा डिचोली, पेडणे, काणकोणमधल्या चौथीच्या मुलांचं मराठी आणि कोकणी वाचन मोजा म्हणावं. दहा वर्षांत गोव्याचे स्वतःचे मापदंड तयार होतील.

आणि आता घाई करायचं कारणही आहे. सर्वोच्च न्यायालयाने जुलै २०२५ मध्ये दिलेल्या निकालात शंभर किंवा अधिक विद्यार्थी असलेल्या प्रत्येक शिक्षणसंस्थेने किमान एक समुपदेशक, मानसशास्त्रज्ञ किंवा समाजकार्यकर्ता नेमावा असं सांगितलं आहे, आणि त्याने मुलांच्या मानसिक आरोग्याचं प्रशिक्षण घेतलेलं असावं हेही बजावलं आहे. निकाल योग्यच आहे. पण आपला स्वभाव ठाऊक आहे मला. न्यायालय म्हणेल 'प्रशिक्षित', आणि आपण शोधू प्रमाणपत्र. रुग्णालयातल्या क्लिनिकल सायकॉलॉजिस्टला पुनर्वसन परिषदेची नोंदणी लागते. शाळेसाठी मात्र तशी वेगळी नोंदणी नाही, त्यामुळे शनिवार-रविवारच्या तीन महिन्यांच्या वर्गातून बाहेर पडलेला आणि दोन वर्षं राबलेला, दोघेही एकाच पाटीखाली बसतात. त्यातल्या त्यात एनसीईआरटीचा एक वर्षाचा पदविका अभ्यासक्रम बरा, त्यात तीन महिने प्रत्यक्ष कामाचे असतात. पण त्याचे संपर्कवर्ग म्हैसूर, भोपाळसारख्या ठिकाणी. संसारी शिक्षिकेने काणकोणहून तिकडे जाऊन राहायचं कसं?

एक आक्षेप मात्र तोलामोलाचा आहे, तो टाळणं अप्रामाणिकपणाचं होईल. पर्वरीच्या 'संगत' या आपल्या गोव्यातल्याच संस्थेने बिहारमध्ये नालंदा जिल्ह्यातल्या शाळांत एक मोठा प्रयोग केला. काही शाळांत तेच काम शिक्षकांना दिलं, काहींत प्रशिक्षण दिलेल्या साध्या समुपदेशकांना, ज्यांच्याकडे मानसशास्त्राची पदवी असण्याची अट नव्हती. 'लॅन्सेट'मध्ये २०१८ साली निष्कर्ष आले. समुपदेशकांच्या शाळांत वातावरण सुधारलं, दादागिरी आणि खिन्नता कमी झाली. शिक्षकांच्या शाळांत फरक दिसला नाही. मग लोक विचारतात, पदव्या हव्यात कशाला?

मी तो प्रयोग वेगळ्या तऱ्हेने वाचतो. पहिलं म्हणजे 'शिक्षकच करतील की' या सरकारी लाडक्या युक्तिवादाला त्याने सुरुंग लावला. शिक्षक करतील तर गणना करतील, निवडणूक करतील, पोषण आहार वाटतील, आणि उरलेल्या वेळात मनही सांभाळतील! दुसरं, ते समुपदेशक पदवीधर मानसशास्त्रज्ञ नसले तरी शाळेत प्रत्यक्ष हजर होते, त्यांच्यावर देखरेख होती आणि मुलांची भाषा त्यांची होती. आमच्या एम.ए. झालेल्या मुलीकडे पदवी आहे, पण देखरेख नाही आणि भाषेची तालीम नाही. शाळेचं वातावरण सुधारणं आणि एखाद्या मुलाला वाचनदोष आहे की नुसती इंग्रजीची धडक बसली आहे हे ठरवणं, ही दोन वेगळी कामं आहेत. पहिल्यासाठी साधी, तयार केलेली माणसं चालतील. दुसऱ्यासाठी तज्ज्ञच हवा, आणि तो शाळेत घडलेला हवा. त्याच्या एका सहीवर मुलाला परीक्षेत जादा वेळ मिळतो किंवा जन्मभराचा शिक्का.

आता आपल्याविषयी. गोव्यातल्या आम्हा मराठीवाल्यांनी माध्यमासाठी किती मोर्चे काढले! राजभाषेच्या वादात आयुष्यं खर्ची घातली. १९८७ च्या कायद्यातला मराठीचा तो उल्लेख आम्ही तोंडपाठ म्हणून दाखवू. पण शाळेत मुलाचं मन कोणत्या भाषेत तपासलं जातं, हा प्रश्न एका तरी संमेलनाच्या मांडवात मी ऐकला का? नाही. मीही कधी विचारला नाही, तीस वर्षं मराठी शिकवूनही. मराठी आम्हाला परिसंवादासाठी हवी होती, पाटीवर हवी होती, पुरस्काराला हवी होती. घाबरलेल्या पोराला बोलतं करण्यासाठी ती लागेल हे आमच्या ध्यानातच आलं नाही. आणि कोकणीवाले मित्रहो, तुम्हीही हसू नका, तुमच्या घरी वेगळं काही शिजलेलं नाही. या एका कामात तरी दोघांनी एका बाकावर बसायला हरकत नसावी. मूल तर एकाच वाक्यात दोन्ही भाषा बोलतं.

मागणं फार नाही. गोव्यात मानसशास्त्राच्या पदव्युत्तर अभ्यासक्रमात शालेय मानसशास्त्राची स्वतंत्र शाखा, तिच्यात एक पूर्ण शैक्षणिक वर्ष शाळेत, त्यातला अर्धा काळ तरी मराठी किंवा कोकणी माध्यमाच्या प्राथमिक शाळेत. मराठी-कोकणीतून मुलाखत घेण्याची तोंडी परीक्षा, नापास झाला तर नापास. आणि अहवालाची एक प्रत आईबापांच्या भाषेत, सक्तीने.

ती मुलगी अजून दर रविवारी येते. आमची वही आता अर्धी भरली आहे. परवा तिने नवा शब्द आणला, एका तिसरीतल्या पोराने सांगितलेला. पप्पा घरी आले की त्याला 'आत आत व्हतं' म्हणे. मला अर्थ विचारला. मला आला नाही. ती म्हणाली, मलाही नाही, उद्या त्यालाच विचारते.