टोपलीवरचे नाव : व्हर्माँटच्या अबेनाकी महोत्सवामागचा वाद

अमेरिकेच्या ईशान्येला व्हर्माँट नावाचे लहानसे डोंगराळ राज्य आहे. त्याच्या पश्चिम सीमेवर चॅम्प्लेन सरोवर पसरले आहे आणि सरोवराच्या काठी, व्हर्जेन्स गावाजवळ, जुन्या नौकांचे एक संग्रहालय आहे. या संग्रहालयाच्या आवारात जून महिन्यात ‘अबेनाकी हेरिटेज वीकेंड’ हा महोत्सव भरत आला आहे. ढोल घुमतात, नाच होतात, गोष्टी सांगितल्या जातात, टोपल्या विणून दाखवतात, मणिकामाचे दागिने विक्रीला मांडलेले असतात. प्रवासी कुटुंबे मुलाबाळांसह येतात, एखादी टोपली विकत घेतात आणि या भूमीच्या मूळ रहिवाशांना भेटून आल्याच्या समाधानात परततात.

तेथून २०० किलोमीटरहून थोडे अधिक उत्तरेला, सीमेपलीकडे कॅनडाच्या क्वेबेक प्रांतात, ओडानाक नावाची वस्ती आहे. अबेनाकी भाषेत या नावाचा अर्थ ‘गावात’ इतकाच. ओडानाक आणि काही अंतरावरचे वोलिनाक या दोन वस्त्यांना कॅनडाचे सरकार अबेनाकी राष्ट्र म्हणून ओळखते. ओडानाकचे म्हणणे असे, की व्हर्माँटमध्ये आज अबेनाकी म्हणवून घेणाऱ्या गटांतील बहुतेकांचे अबेनाकींशी रक्ताचे वा नात्याचे काहीही सिद्ध झालेले नाही.

हा धागा त्या वादाचा आहे. महोत्सव म्हटला की तो निरुपद्रवीच असणार, असे मानण्याची सवय सर्वत्र असते. येथे ती उपयोगी पडत नाही.

आधी थोडा इतिहास. पेनॉब्स्कॉट, पासामाक्वॉडी, मालिसीट, मिगमॉ आणि अबेनाकी या पाच लोकसमूहांना मिळून ‘वाबानाकी’ म्हणतात. अर्थ : पहाटेच्या भूमीतले लोक. खंडाच्या पूर्व कडेला, जिथे सूर्य आधी दिसतो, तिथे ते राहत. पश्चिमेकडील अबेनाकींची भूमी चॅम्प्लेन सरोवरापर्यंत येई. आजच्या नकाशावरही त्यांची भाषा जागोजागी सापडते. व्हर्माँटमधील विनूस्की नदीचे नाव म्हणजे रानकांद्याची भूमी. कांदा उगवतो तो काठ, असे साधे, पोटापाण्याचे नाव. इंग्रजांनी नद्यांची नावे ठेवून घेतली आणि नदीकाठच्या माणसांना हुसकावले.

सतराव्या-अठराव्या शतकांत इंग्रज वसाहती उत्तरेकडे सरकू लागल्या, तसे अबेनाकी फ्रेंचांच्या बाजूने लढू लागले. युद्धांमागून युद्धे झाली. अनेक कुटुंबे मागे हटत सेंट फ्रान्सिस नदीवरच्या ओडानाकला जाऊन राहिली. सरोवराच्या ईशान्येची मिसिस्कोय ही वस्तीही हळूहळू विरळ होत गेली.

सुरक्षित वाटलेल्या त्या ओडानाकवर ४ ऑक्टोबर १७५९ च्या पहाटे मेजर रॉबर्ट रॉजर्सच्या तुकडीने हल्ला केला आणि गाव जाळले. निदान २०० माणसे मारल्याचे रॉजर्सने वरिष्ठांना कळवले. फ्रेंच नोंदींत मृतांचा आकडा ३० च्या आसपास आहे, आणि त्यांतही स्त्रिया व मुलेच अधिक. ही तफावत का, याचे उत्तर बराच काळ सैनिकी कागदपत्रांतच शोधले जात होते. गॉर्डन डे या भाषाभ्यासकाने ओडानाकच्या वृद्धांकडून ऐकलेल्या आठवणी १९६२ मध्ये प्रसिद्ध केल्या, तेव्हा एक वेगळीच बाजू पुढे आली. हल्ल्याच्या आदल्या रात्री गावात नाच चालू होता. अंधारात एका अनोळखी माणसाने येऊन सावध केले. ज्यांनी त्याचे ऐकले ती कुटुंबे रातोरात लपली आणि वाचली. दोनशे वर्षे ही हकिकत घराघरांत सांगितली जात होती. बाहेरच्या कोणी विचारलेच नव्हते. त्या काळात अमेरिकेला रॉजर्स माहीत होता तो शूर वीर म्हणून. १९३७ मध्ये त्याच्यावर लोकप्रिय कादंबरी निघाली होती आणि १९४० मध्ये हॉलिवुडने तिचा चित्रपटही केला होता.

आता टोपलीकडे येऊ, कारण सारा वाद शेवटी टोपलीपाशीच येतो.

अबेनाकी टोपली काळ्या अ‍ॅश वृक्षाच्या पट्ट्यांची असते. ओंडका सोलून त्याच्या अंगावर लांबीने सतत घाव घालतात. त्या माराने झाडाची वर्षागणिक वाढलेली वलये एकमेकांपासून सुटतात आणि लवचीक पट्ट्या हाती येतात. मग त्या तासायच्या, रंगवायच्या, विणायच्या. कडेला किंवा मधूनमधून सुगंधी गवताची वेणी गुंफायची. हा वास वर्षानुवर्षे टिकतो. एकोणिसाव्या शतकात ओडानाकची कुटुंबे उन्हाळ्यात अशा टोपल्यांचे भारे घेऊन सीमा ओलांडत आणि न्यू हॅम्पशायर, न्यूयॉर्क इथल्या पर्यटनस्थळी विकत. ज्या भूमीवरून पूर्वजांना जावे लागले, तिथेच नातवंडे फेरीवाल्यांसारखी परतत होती. ओडानाकचे प्रमुख जोसेफ लॉराँ यांनी न्यू हॅम्पशायरमधील इंटरव्हेल इथे असाच तळ टाकला होता. याच लॉराँ यांनी १८८४ मध्ये अबेनाकी-इंग्रजी संभाषणांचे पुस्तक काढले. भाषा शिकू पाहणाऱ्याला ते आजही लागते. तेव्हा टोपली आणि भाषा, महोत्सवाचे हे दोन मुख्य आधार, ओडानाकने सलग जपले. त्यात खंड पडल्याचे कोणी म्हणू शकत नाही.

व्हर्माँटमधील गटांची गोष्ट १९७० च्या दशकात सार्वजनिक होते. स्वॉन्टन परिसरातील काही कुटुंबांनी आपण मिसिस्कोयचे अबेनाकी असल्याचे जाहीर केले. १९७६ मध्ये गव्हर्नर टॉमस सॅल्मन यांनी त्यांना मान्यता दिली. पुढच्याच वर्षी नवे गव्हर्नर रिचर्ड स्नेलिंग यांनी ती रद्द केली. मग मासेमारीच्या हक्कासाठी आंदोलने झाली. १९९२ मध्ये व्हर्माँटच्या सर्वोच्च न्यायालयाने निकाल दिला, की या भूमीवर अबेनाकींचा मूळ हक्क असलाच, तर तो इतिहासाच्या ओझ्याखाली केव्हाच संपुष्टात आला आहे. न्यायालयाच्या भाषेत इतिहास जणू आपोआप घडतो, तो घडवणारे कोणी नसते.

केंद्र सरकारकडे केलेला मान्यतेचा अर्ज २००७ मध्ये फेटाळला गेला. छाननीत आढळले, की अर्जदार गटाच्या १,१७१ सदस्यांपैकी अवघ्या ८ जणांचा मिसिस्कोय अबेनाकी पूर्वजांशी वंशसंबंध सिद्ध होतो. असा निकाल आल्यावर राज्याने थबकावे, अशी अपेक्षा कोणीही करील. घडले उलटे. २०११ मध्ये एल्नू आणि नलहीगन, २०१२ मध्ये कोआसेक आणि मिसिस्कोय, अशा चार गटांना व्हर्माँटच्या विधिमंडळाने अबेनाकी टोळ्या म्हणून मान्यता दिली. त्याआधी, २००३ मध्येच, ओडानाकने व्हर्माँटमधील गटांना मान्यता नाकारणारा ठराव केलेला होता.

राज्याने हे का केले? एक कारण टोपलीत आहे. अमेरिकेच्या १९९० च्या कायद्यानुसार एखादी वस्तू ‘इंडियन कला’ म्हणून विकायची, तर ती घडवणारा केंद्राने किंवा राज्याने मान्य केलेल्या टोळीचा सदस्य असावा लागतो, किंवा टोळीने त्याला कारागीर म्हणून प्रमाणित केलेले असावे लागते. खोटे सांगून विकल्यास पहिल्याच गुन्ह्याला अडीच लाख डॉलरपर्यंत दंड आणि पाच वर्षांपर्यंत कैद होऊ शकते. व्हर्माँटने २००६ मध्ये अबेनाकींना मोघमपणे ‘लोक’ म्हणून मान्यता दिली होती, पण तेवढ्याने या कायद्याची अट पुरी होत नव्हती. टोळी म्हणून शिक्का हवा होता. तो मिळाला आणि महोत्सवातील दालनांवरच्या पाटीला कायद्याचे छत्र मिळाले.

दुसरे कारण अधिक बोलके आहे. या मान्यतेतून जमिनीवरचा कोणताही दावा उत्पन्न होत नाही, हे राज्याने कायद्यातच लिहून ठेवले. जमीन द्यावी लागणार नाही, याची खात्री न्यायालयाने आधीच करून दिली होती. उरले नाव. ते राज्याने मोकळ्या हाताने वाटले. मात्र जे वाटले ते राज्याच्या मालकीचे नव्हते.

व्हर्माँटमधील गटांची बाजूही ऐकायला हवी, कारण ती एका खऱ्या अन्यायाशी जोडलेली आहे. व्हर्माँट विद्यापीठातील प्राणिशास्त्राचे प्राध्यापक हेन्री पर्किन्स यांनी १९२५ ते १९३६ या काळात ‘वंशसुधारणे’च्या नावाखाली गरीब, अपंग, फ्रेंच-कॅनेडियन आणि मिश्रवंशीय मानल्या गेलेल्या कुटुंबांच्या याद्या केल्या. त्यातून १९३१ चा नसबंदी कायदा आला. २०२१ मध्ये विधिमंडळाने याबद्दल जाहीर माफी मागितली. या दडपणामुळेच आमच्या आजी-आजोबांनी ओळख लपवली, म्हणून कागदोपत्री पुरावा सापडत नाही, असे या गटांचे म्हणणे. केंद्रीय छाननीत या म्हणण्याला आधार मिळाला नाही. गरिबांवर अत्याचार झाले, हे निर्विवाद आहे. पण त्या अत्याचाराला बळी पडलेले प्रत्येक कुटुंब अबेनाकी होते, असे त्यावरून ठरत नाही. पुरावा नसणे हाच पुरावा मानला, तर कोणताही दावा कधीच खोटा ठरणार नाही.

ओडानाकची यादी तरी किती शुद्ध, असा प्रतिप्रश्न केला जातो, आणि तो हास्यास्पद नाही. कॅनडाच्या ‘इंडियन अ‍ॅक्ट’ने बाहेरच्या पुरुषाशी लग्न करणाऱ्या स्त्रीचा दर्जाच १९८५ पर्यंत काढून घेतला होता. तिची मुले-नातवंडे परकी ठरत. ओडानाकचेच सदस्य स्टेफान देशेनो यांनी याविरुद्ध दावा लावला आणि २०१५ मध्ये क्वेबेकच्या न्यायालयात तो जिंकला. ओडानाकमध्ये वाढलेल्या ज्येष्ठ चित्रपटकार अलानिस ओबोमसाविन यांनी २००६ मध्ये याच प्रश्नावर माहितीपट केला होता. म्हणजे कोण आपले आणि कोण परके, याच्या सरकारी व्याख्येने ओडानाकही पोळले आहे. फरक इतकाच, की तिथे ज्यांना वगळले गेले त्यांचे काका-मामा, त्यांची घरे, त्यांच्या आईचे नाव गावाला ठाऊक होते. कायद्याने नाते नाकारले तरी नातेवाईक हजर होते. व्हर्माँटमध्ये कायदा हजर आहे, आणि ज्यांना नातेवाईक म्हणायचे ते सांगत आहेत की ही माणसे आमच्या ओळखीची नाहीत.

अबेनाकी भाषेतील एक गोष्ट मराठी वाचकाला चटकन समजेल, इंग्रजी वाचकाला नाही. इंग्रजीत ‘आम्ही’ आणि ‘आपण’ यांना एकच शब्द आहे. अबेनाकीत दोन आहेत : ‘निओना’ म्हणजे ऐकणाऱ्याला वगळून आम्ही, ‘किओना’ म्हणजे ऐकणाऱ्याला धरून आपण. ओडानाकच्या सेसिल वावानोलेट यांनी ही भाषा शेवटपर्यंत शिकवली. त्या १९०८ मध्ये जन्मल्या आणि २००६ मध्ये गेल्या. त्यांच्या शिष्यांत सीमेच्या दक्षिणेकडचे लोकही होते. त्यांनी कोणाला भाषा नाकारली नाही. भाषा शिकणे, टोपली विणणे, गोष्ट ऐकणे यांना वंशाचा दाखला लागत नाही, आणि लागूही नये. प्रश्न ‘किओना’ म्हणण्याचा आहे. तो शब्द एकट्याने उच्चारता येत नाही. समोरच्यानेही होकार द्यावा लागतो.

एप्रिल २०२२ मध्ये व्हर्माँट विद्यापीठात ओडानाकच्या प्रतिनिधींना बोलावण्यात आले आणि त्यांनी हे सारे त्याच विद्यापीठाच्या व्यासपीठावरून सांगितले. त्यानंतर निदान ‘आम्हाला माहीत नव्हते’ ही सबब कोणत्याही संग्रहालयाला, शाळेला वा विधिमंडळाला उरलेली नाही. महोत्सव बंद करावा, असे कोणी शहाणा म्हणणार नाही. सरोवराकाठी मुलांना अ‍ॅशच्या पट्ट्या हाताळायला मिळतात, हे चांगलेच आहे. शिवाय आशियातून आलेल्या हिरव्या भुंग्याने ही झाडे पोखरायला घेतली आहेत. व्हर्माँटमध्ये तो २०१८ मध्ये आढळला. उद्या पट्ट्याच मिळणार नाहीत, अशी वेळ येऊ शकते.

परंतु टोपली विकत घेणाऱ्याला तिच्यावरच्या नावाचा इतिहास कळण्याचा अधिकार आहे. कोणत्या गटाला कोणी मान्यता दिली, केंद्राने काय ठरवले, ओडानाकचे म्हणणे काय, हे प्रवेशद्वारापाशी, मुलांनाही वाचता येईल अशा अक्षरांत लिहिलेले असावे. विधिमंडळाने आपल्या २०११ आणि २०१२ च्या निर्णयांचा फेरविचार ओडानाक आणि वोलिनाकच्या परिषदांना समोर बसवून करावा. ओडानाकला १९६५ पासून स्वतःचे संग्रहालय आहे. तिथे हीच टोपली काचेच्या पेटीत ठेवलेली दिसते, आणि ती विणणाऱ्या बाईचे घर कोणते, हे गावात कोणालाही विचारता येते.