चंद्राचा पांढरा दगड

चंद्राला कलंकित म्हणण्याची चाल आपल्याकडे फार जुनी आहे. कोणास त्या डागांत ससा दिसला, कोणास हरिण. म्हणून तो शशांक झाला, मृगांक झाला. उरलेल्या पांढऱ्या भागाची मात्र फारशी विचारपूस कोणी केली नाही, याचे आम्हांस नवल वाटते. कारण चंद्राचा सर्वांत जुना वृत्तान्त त्या पांढऱ्यातच आहे, डाग मागाहूनचे.

डाग म्हणजे थिजलेला लाव्हा. वडोदऱ्याजवळच्या पावागडाच्या उतारांवर जो काळा बेसॉल्ट सापडतो, त्याच जातीचा तो खडक. पांढरा खडक निराळा. त्याचे नाव अ‍ॅनॉर्थोसाइट. त्यात शेकडा 90 हून अधिक भाग प्लॅजिओक्लेज फेल्डस्पार या एकाच खनिजाचा असतो. एकाच खनिजाचा एवढा साठा व्हावा कसा? सामान्य लाव्हा थिजला तर अनेक खनिजांची सरमिसळच हाती येते.

1969 साली अपोलो 11 ने आणलेल्या मातीत पांढऱ्या खड्यांचे काही बारीक कण होते. त्या चिमूटभर कणांवरून जॉन वुड प्रभृती शास्त्रज्ञांनी 1970 मध्ये मोठे धाडसी अनुमान बांधले : आरंभी चंद्राचा पृष्ठभाग खोलवर वितळलेला होता, जड ऑलिव्हिन व पायरॉक्सीन तळाशी बसले आणि हलके फेल्डस्पार वर तरंगून आले. तापल्या दुधावर साय धरते तसे म्हणावे, तर उपमा पुरती जुळत नाही. पण चित्र डोळ्यांपुढे उभे राहते.

आमची तक्रार येथेच आहे. आपण हे अनुमान सिद्धान्त म्हणून पाठ करतो, आणि त्यापुढे एक आकडा लिहून मोकळे होतो. ते आकडे तर अजून भांडत आहेत! 1971 च्या ऑगस्टमध्ये अपोलो 15 च्या स्कॉट व आयर्विन यांना 269 ग्रॅमचा एक शुभ्र खडा सापडला. सृष्टीच्या आरंभाचा दगड म्हणून त्याचा गाजावाजा झाला. वय मोजले तेव्हा ते सुमारे 4.1 अब्ज वर्षे निघाले. आरंभ त्याहून पुष्कळ मागचा. नंतरच्या उल्काघातांच्या उष्णतेने दगडातले घड्याळ पुन्हा पहिल्यापासून चालू होऊ शकते, हे त्याचे एक कारण. 2011 साली अपोलो 16 च्या एका खड्याचे वय अनेक रीतींनी ताडून पाहिले, ते 4.36 अब्ज वर्षे आले. मग तो महासागर उशिरा थिजला, की चंद्र मध्यंतरी पुन्हा वितळला? की हा खडा मूळ सायीचा नव्हेच? पृथ्वीने आपले पहिले कवच केव्हाच गिळून टाकले असल्याने साक्ष काढायला तिच्याकडेही जाता येत नाही. हा वाद विद्यार्थ्यांपासून लपविणे आम्हांस मुळीच मान्य नाही. आकडा विसरला तरी चालेल, वाद ठाऊक असावा.

आता या वादात आपल्याकडचीही साक्ष आहे. 23 ऑगस्ट 2023 रोजी चांद्रयान 3 दक्षिणेकडे सुमारे 69 अंशांवर उतरले. प्रज्ञान गाडीवर अहमदाबादच्या भौतिक संशोधन प्रयोगशाळेने घडविलेले उपकरण होते. त्याने 23 ठिकाणची माती तपासली. 2024 मध्ये निष्कर्ष प्रसिद्ध झाले. माती बहुतांशी त्या पांढऱ्या खडकाच्याच वळणाची निघाली, अर्थात महासागराच्या कल्पनेस बळ मिळाले. मात्र तीत मॅग्नेशियम अपेक्षेहून अधिक होते. दक्षिण ध्रुवाकडील प्रचंड विवर ज्या आघाताने पडले, त्याने खोलचे द्रव्य वर उधळले असावे, असे शास्त्रज्ञ म्हणतात. तसे असेल तर वरची साय आणि खालचा गाळ तेथे एकाच मातीत मिसळले आहेत.