सिस्टर चिडकी का होते?

गेल्या पावसाळ्यात आमच्या आईचे खुब्याचे हाड मोडले आणि इंदूरच्याच एका खासगी रुग्णालयात तिला अकरा दिवस ठेवावे लागले. तिसऱ्या रात्री तिने बेडपॅन मागितले. सिस्टर आली वीस मिनिटांनी, आणि वर "आप अकेली हैं क्या यहाँ?" असे सुनावून गेली. आम्ही भडकलो. तिथेच बसून व्यवस्थापकांच्या नावे तक्रार अर्ज लिहायला घेतला. बँकेत लोकांचे अर्ज वाचण्यात अर्धा जन्म गेला, तेव्हा मसुदा फक्कड उतरला हे सांगायला नकोच.

पण झोप येईना, म्हणून आम्ही सवयीने मोजदाद सुरू केली. वॉर्डात २६ खाटा, सगळ्या भरलेल्या. सिस्टर दोन. म्हणजे एकीच्या वाट्याला १३ पेशंट. सलाईन, इंजेक्शने, ताप, रक्तदाब, मध्येच आलेली नवी भरती, भांडायला उभे असलेले नातेवाईक, आणि हे सगळे रजिस्टरात लिहायचे ते वेगळेच. भारतीय परिचर्या परिषदेचे प्रमाण साध्या रुग्णालयाच्या वॉर्डसाठी ५ रुग्णांमागे १ असे आहे, शिवाय रजेसाठी ३० टक्के जादा माणसे धरायची. पहाटे कळले, ती सिस्टर आदल्या दुपारपासून ड्युटीवर होती. बदलीवाली आलीच नव्हती आणि जादा माणूस नव्हते.

आमच्याकडे कॅश जुळली नाही तर रात्री आठपर्यंत बसावे लागते, पण चूक सापडते आणि उलट व्हाउचरने दुरुस्त होते. पहाटे तीनला चुकीच्या पेशंटला दिलेल्या इंजेक्शनला उलट व्हाउचर नाही.

जागतिक आरोग्य संघटनेने २०१९ साली 'बर्नआउट'ची जी व्याख्या केली, तिच्यात हा आजार मानलेला नाही. कामाच्या ठिकाणी दीर्घकाळ न आवरलेल्या ताणाचा परिणाम मानला आहे. लक्षणे तीन: गळून जाणे, कामाबद्दल तुसडेपणा येणे आणि आपल्या हातून काही धड होत नाही असे वाटणे. आईला ऐकावे लागले ते दुसरे लक्षण. अमेरिकेत पेनसिल्व्हेनियातल्या १६८ रुग्णालयांवरचा लिंडा एकेन आणि सहकाऱ्यांचा अभ्यास २००२ साली प्रसिद्ध झाला. नर्समागे एक पेशंट वाढला की तिला बर्नआउट होण्याची शक्यता २३ टक्क्यांनी वाढलेली दिसली, आणि शस्त्रक्रियेचा पेशंट दाखल झाल्यापासून ३० दिवसांत दगावण्याची ७ टक्क्यांनी. म्हणजे सिस्टरचे दुखणे शेवटी आपल्याच खाटेवर येते.

पगाराचे काय? सर्वोच्च न्यायालयाच्या २०१६च्या निर्देशानंतर केंद्राने नेमलेल्या समितीने ५०पेक्षा कमी खाटांच्या खासगी रुग्णालयातही नर्सला किमान २०,००० रुपये द्यावेत असे सुचवले. केरळात नर्सेस रस्त्यावर उतरल्या, तेव्हा २०१८ साली हा आकडा सरकारी अधिसूचनेत आला. इतरत्र बहुतेक ठिकाणी शिफारस ही शिफारसच. मग ज्यांना जमते त्या आखातात, ब्रिटनमध्ये, आयर्लंडमध्ये जातात, आणि मागे राहिलेलीच्या वाट्याला तेराचे चौदा होतात. त्यांना आम्ही दोष देत नाही. आपल्याही घराघरांतली मुले पुण्याला नि अमेरिकेला गेलीच की!

निवडणूक आली की सगळ्या पक्षांचे उमेदवार गणपतीच्या मंडपात येतात, "मराठी समाज आमचाच" म्हणतात, सभागृहाला पत्रे नि पंखे देतात. आता पंखे पुष्कळ झाले. रात्रपाळीला एका सिस्टरमागे किती पेशंट, याची पाटी प्रत्येक वॉर्डाबाहेर लावणे सक्तीचे करणार का, हे त्यांना विचारावे. आणि आपल्या समाजानेही सभासदांना सवलत देणारे रुग्णालय निवडताना बिलातल्या दहा टक्के सुटीआधी हाच आकडा मागावा. लॉबीतला संगमरवर आपल्याला रात्री पाणी द्यायला येत नाही.

तक्रार अर्ज आम्ही दिला, पण सिस्टरचे नाव खोडून आणि २६ भागिले २ हा हिशेब वर घालून. उत्तर आलेले नाही. येत्या वार्षिक सभेत हा विषय घ्यावा, असे पत्र कार्यकारिणीकडे दिले आहे. अनुमोदनाला दोन सह्या कमी पडताहेत.