मधल्या दिवसांचे काय?

नोकरी सुटलेल्या कामगाराला आपल्या देशात काहीच मिळत नाही, असा पुष्कळ सुशिक्षितांचा समज आहे. तो खरा नाही. कर्मचारी राज्य विमा योजनेत नाव असलेल्या कामगारास बेकारीच्या काळात रोख भत्ता मिळण्याची सोय आहे, आणि ती अगदीच तुटपुंजी आहे असेही म्हणता येणार नाही. दोष आहे तो निराळ्याच ठिकाणी. भत्ता हाती पडेपर्यंत त्या कामगाराने आणि त्याच्या घरच्यांनी काय खावे, याचा विचार ही सोय करणाऱ्यांनी केलेला दिसत नाही.

१ जुलै २०१८ पासून अमलात आलेल्या अटल बीमित व्यक्ती कल्याण योजनेचे मूळ नियम पाहिले म्हणजे ही गोष्ट ध्यानात येते. सरासरी रोजंदारीच्या २५ टक्के रक्कम, जास्तीत जास्त ९० दिवस, आणि तीही आयुष्यात एकदाच. शिवाय तीन महिने बेकार राहिल्यावाचून ती मागता यावयाची नाही. म्हणजे आधी तीन महिने उपास काढावा आणि नंतर तीन महिने चतकोर भाकरी खावी! २०२० साली कोरोनाच्या तडाख्यात लक्षावधी माणसे एकदम रस्त्यावर आली, तेव्हा सरकारचे डोळे उघडले. भत्ता ५० टक्के झाला, तीन महिन्यांची अट ३० दिवसांवर आली, मालकाच्या दारात न जाता कामगाराने थेट अर्ज करावा असे ठरले, आणि त्याच वर्षीच्या नोव्हेंबरात प्रतिज्ञापत्राचे लोढणेही गळ्यातून निघाले. या सुधारणा स्वागतार्ह होत्या. परंतु ते ३० दिवस राहिलेच. अर्ज १५ दिवसांत निकाली काढू, असे तत्कालीन श्रममंत्र्यांनी त्या वेळी सांगितले होते. ते शब्दशः पाळले गेले असे धरले, तरीही पहिला पैसा दिसावयास दीड महिना लागतो.

दीड महिना हा काळ कचेरीतल्या माणसास थोडा वाटेल. ज्याचा पगार १५ हजार आहे आणि भाडे १० तारखेच्या आत द्यावयाचे आहे, त्याच्या घरी तो फार मोठा असतो. प्रथम वाण्याची वही वाढते. मग भिशीचा हप्ता चुकतो आणि चाळीतली पत जाते. मग पेढीवर सोने जाते, आणि सोने संपले म्हणजे महिना शेकडा पाच-दहा दराने पैसे देणारा गृहस्थ आपल्या पायांनी घरी येतो. शाळेची फी या यादीत कोठे बसते ते आम्ही सांगावयास नको. ती नेहमी शेवटीच असते. अशा रीतीने सारे घर गहाण पडल्यावर जेव्हा भत्ता येतो, तेव्हा तो मंजूर कामगारासाठी झालेला असला तरी पोचतो सावकाराकडे.

मुंबईला हा अनुभव नवा नाही. १८ जानेवारी १९८२ रोजी गिरणी कामगारांचा संप सुरू झाला, तेव्हा सुमारे अडीच लाख माणसांची चूल एकदम थंडावली. संपाची गोष्ट वेगळी आणि बेकारी भत्त्याची वेगळी, हे आम्ही जाणतो. परंतु पगार थांबल्यावर घर कोणाच्या आधारावर उभे राहते, हा प्रश्न दोन्हीकडे तोच आहे. गिरणगावात तो आधार वर्षानुवर्षे उधारीचा होता. खानावळ चालविणारी बाई जेवण महिनाभर घालीत असे आणि पैसे पगाराच्या दिवशी घेत असे; पगार थांबला की ती स्वतःच कर्जात बुडे. प्रेमाताई पुरव यांनी १९७५ साली अन्नपूर्णा महिला मंडळ उभारून या बायकांना सावकाराऐवजी बँकेची वाट दाखविली. ज्यांच्यापाशी स्वतःला पुरेल इतकेही नव्हते, त्यांनी इतरांच्या अडचणीचे विमेदार व्हावे आणि ज्यांच्यापाशी वर्गणी जमा आहे त्यांनी तारखा मोजीत बसावे, हा न्याय मोठा अजब आहे.

वर्गणीची गोष्ट मुद्दाम सांगावयास हवी. जुलै २०१९ पासून कामगाराच्या पगारातून पाऊण टक्का आणि मालकाकडून सव्वातीन टक्के कापले जातात. १५ हजारांच्या पगारावर हे दर महिन्याचे ६०० रुपये झाले. म्हणजे आम्ही बोलतो आहो ते दानाविषयी नव्हे. शिवाय याच योजनेच्या १९४८ च्या कायद्याने आजारपणाच्या भत्त्यासाठी प्रतीक्षाकाल ठेवला तो अवघा दोन दिवसांचा. ताप आलेल्या कामगारास दोन दिवस आणि घरी बसविलेल्यास ३० दिवस, हा भेद कोणत्या तत्त्वावर केला? भूक दोघांनाही सारखीच लागते. आंतरराष्ट्रीय श्रम संघटनेने १९५२ सालच्या सामाजिक सुरक्षिततेच्या करारात बेकारी भत्त्यासाठी प्रतीक्षेची कमाल मर्यादा सात दिवसांची घातली होती.

मधल्या दिवसांसाठी इतरांनी काय केले, हे पाहताना मात्र जपून पाहावे. ब्रिटनमध्ये युनिव्हर्सल क्रेडिट या योजनेत पहिली रक्कम मिळण्यास पाच आठवडे लागतात, म्हणून तेथे आगाऊ उचल देण्याची सोय केली. परंतु ती कर्जाऊ आहे. पुढच्या भत्त्यातून ती हप्त्याहप्त्याने कापून घेतली जाते, आणि माणूस महिनोन्महिने अपुऱ्या भत्त्यावर दिवस काढतो. सावकाराच्या जागी सरकार बसविणे, एवढाच त्याचा अर्थ. तो कित्ता आपण गिरवू नये.

आमची सूचना साधी आहे. नोकरी सुटल्याचे कामगाराने कळविताच, सात दिवसांच्या आत, पहिल्या पंधरवड्याचा भत्ता त्याच्या खात्यात जमा व्हावा. वर उल्लेखिलेल्या पगारावर तो सुमारे ३,७५० रुपये होतो. तो ९० दिवसांच्या भत्त्यातून वजा करू नये. त्याच्या वर्गणीची नोंद महामंडळाच्या दप्तरी आहेच. बाकीची चौकशी मागाहून सावकाश चालू द्यावी. काही लोक लबाडी करतील, असे यावर म्हटले जाईल. करतील. परंतु नवी नोकरी लागलेल्याची वर्गणी त्याच दप्तरात पुन्हा दिसू लागते, तेव्हा ही लबाडी फार काळ लपणारी नाही. आणि मूठभर लबाडांच्या भयाने हजारो प्रामाणिकांस सावकाराकडे पाठविणे यास काटकसर म्हणता येत नाही.

ज्यांच्या पगारातून वर्गणी कापली गेली पण मालकाने ती भरलीच नाही, अशांचे काय, हा प्रश्न उरतो. तेथे राज्य सरकारने पुढे व्हावे. या राज्याने १९७७ साली रोजगार हमीचा कायदा करून ग्रामीण मजुरास १५ दिवसांत काम, आणि ते न दिल्यास भत्ता, असे वचन दिले. त्यासाठी १९७५ पासून शहरातल्या पगारदारांनी व्यवसायकर भरला, आणि आमच्या वाचकांच्या पगारपत्रकावर दरमहा २०० रुपयांची ती नोंद आजही असते. शहरातला हाच १५ हजारांचा कामगारही तो भरीत आला आहे. त्या उत्पन्नातला अल्पसा भाग अशा कामगारांच्या पहिल्या पंधरवड्यासाठी बाजूला काढण्यास अर्थखात्याची हरकत असू नये; मालकाकडून थकबाकी वसूल होईल तेव्हा ती रक्कम त्या निधीत परत भरता येईल. महामंडळावर कामगारांचे, मालकांचे आणि राज्यांचेही प्रतिनिधी बसतात. महाराष्ट्राच्या प्रतिनिधीने येत्या बैठकीत हा विषय लेखी मांडावा, आणि कामगार संघटनांनी तोपर्यंत आपापल्या सभासदांकडून, नोकरी सुटल्यापासून पहिला पैसा हाती येईपर्यंत किती दिवस गेले, याची तारीखवार माहिती जमवून त्यांच्या हाती द्यावी.